साताऱ्याला गेलेला डबा

आमच्या सांगलीच्या घरात, बैठकीच्या खोलीत एक समुद्र आहे, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. नव्यांसाठी सांगतो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी काचेची टाकी, तीत सुमारे १९० लिटर खारे पाणी, काही दगड, चार मासे आणि ज्यांच्यापायी हा सारा खटाटोप ती मऊ प्रवाळे. खरा समुद्र घाटाच्या पलीकडे. आमच्याकडे कृष्णाकाठच्या शेतकऱ्यासमोर मिठाचे नाव काढायची सोय नाही, कारण उसाला पाणी पाजता पाजता कित्येकांची काळीभोर राने क्षारपड होऊन बसली आहेत. अशा मुलखात आम्ही पदरचे पैसे मोडून मीठ आणतो आणि चांगल्या गोड्या पाण्यात कालवतो. शेजारी यावर काय म्हणतात ते आम्ही ऐकून घेत नाही. लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने टाकी भरायची म्हणजे साडेसहा किलो मीठ लागते, आणि तेही स्वयंपाकघरातले चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि आणखी बरेच काही असते. ते सगळे ज्यात आहे असे खास मीठ आणावे लागते.

यंदा सांगायची आहे ती हकीकत मात्र आमच्या टाकीची नाही, साताऱ्याच्या टाकीची आहे. साताऱ्याला माझी थोरली बहीण असते. दाजी तीन वर्षांपूर्वी नोकरीतून निवृत्त झाले, आमच्याकडे आठ दिवस येऊन राहिले, रोज सकाळ-संध्याकाळ टाकीसमोर खुर्ची टाकून बसले, आणि परत जाताना कऱ्हाडपर्यंत फोनवरून एकच विचारीत होते, की काच किती जाडीची घ्यायची. दोन महिन्यांत त्यांच्या घरीही समुद्र झाला.

हकीकत कळण्यासाठी थोडे प्रवाळपुराण ऐकावे लागेल. प्रवाळ म्हटले की आपल्याकडे मंगळाच्या अंगठीतले पोवळे डोळ्यांसमोर येते. ते पोवळे म्हणजे खाणीतला खडा नव्हे. समुद्रातल्या बारीक बारीक प्राण्यांच्या वसाहतीचा तो सांगाडा. त्या वसाहतीतल्या एकेका जिवाला आठ हात असतात, आणि आमच्या टाकीतल्या मऊ प्रवाळांच्या जिवांनाही आठच. म्हणजे अंगठीतले पोवळे आणि आमची ही मंडळी एकाच गोतातली. सख्खी नव्हेत, चुलत म्हणा. समुद्रात बेटेच्या बेटे बांधणारी दगडी प्रवाळे ही निराळी शाखा. त्यांच्या हातांची मोजणी सहाच्या पटीत. ती बिचारी जन्मभर चुन्याचा वाडा बांधीत बसतात, म्हणून सावकाश वाढतात. मऊ प्रवाळांच्या अंगात चुन्याच्या बारीक कण्या असतात तेवढ्याच. ज्याच्या डोक्यावर घराचे कर्ज नाही त्याचा हात जसा मोकळा, तशी यांची वाढ मोकळी.

(जाता जाता सांगतो, दगडी प्रवाळांना आणि समुद्रपंख्यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घालून वाघाच्या पंक्तीला बसवले. तेव्हा मालवणला गेल्यावर आठवण म्हणून असला दगड पिशवीत टाकू नये.)

दाजींनी पुण्याच्या एका दुकानातून पहिले जे प्रवाळ आणले ते अळंबीसारखे दिसणारे होते. खाली जाड देठ, वर पसरट टोपी आणि टोपीवर शेकडो बारीक पिवळसर फुले. इंग्रज लोकही त्याला भूछत्रच म्हणतात. दाजींनी त्याचे नाव ‘छत्री’ ठेवले. ती छत्री त्यांनी पुण्याहून साताऱ्यापर्यंत मांडीवर धरून आणली होती. हे प्रवाळ अधूनमधून मिटून बसते, अंगावर मेणचट पापुद्रा धरते आणि कधी आठवडाभराने तो टाकून पुन्हा उमलते. पहिल्या वेळी छत्री मिटली तेव्हा दाजींना दोन दिवस जेवण गेले नाही, असे ताई सांगते. पापुद्रा गळून ती उमलली त्या दिवशी घरात शिरा झाला. एवढा त्या छत्रीचा थाट.

आणि मग दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज आली. ताईला साडी नेहमीचीच. शिवाय या वेळी दाजींच्या टाकीसाठी काहीतरी न्यावे असे मनात आले. माझ्या टाकीत हिरव्या ताऱ्यांचे प्रवाळ मायंदाळ माजले होते. ‘ग्रीन स्टार पॉलिप’ या नावाने ते बाजारात मिळते. जांभळ्या रंगाची चिवट साय दगडावर पसरते आणि तिच्यातून हिरवेगार तारे उमलतात. पाणी हलले की वाऱ्यावर कोवळे गवत लवावे तसे ते सगळे लवतात. पाहणारा हरखतोच. मी रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा कापला, तो एका दगडावर बसवला. त्याच दगडावर पाच-सहा ‘बटणे’ होती, तीही असू दिली. ही बटणे म्हणजे झोअँथिड. शास्त्रज्ञ त्यांना मऊ प्रवाळांच्या पंक्तीत बसवीत नाहीत, पण टाकीत ती त्याच पंक्तीला जेवतात आणि तितक्याच वेगाने वाढतात. नेण्यासाठी घरातला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेतला. तांब्या-पितळेचे भांडे यासाठी चालत नाही; आपल्याला तांब्यातले पाणी आरोग्याचे, पण प्रवाळाला तांबे म्हणजे विष. डबा भडंगाच्या पिशवीशेजारी ठेवून एस्टीने सव्वाशे किलोमीटर नेला. ताईने ओवाळले, दाजींनी दगड टाकीत ठेवला, संध्याकाळपर्यंत तारे उमलले. सगळ्यांनी वाहवा केली. मीही करून घेतली.

डबा साताऱ्यालाच राहिला. कुणाचा डबा रिकामा परत करू नये, अशी आपल्याकडची रीत. त्यामुळे ताईने तो भरून द्यायचा म्हणून ठेवून घेतला. आमच्या सौभाग्यवतींनी पुढे दोन वर्षे मला त्या डब्याचे स्मरण दिले. झाकण न सांडणारा तो घरातला एकमेव डबा होता.

त्या हिरव्या ताऱ्यांचा स्वभाव आता सांगतो, कारण तेव्हा सांगितला नव्हता. शेतकरी हरळीबद्दल जे बोलतो ते यांच्याबद्दल बोलावे. ती साय कडेने पुढे सरकते, तिच्यातून नवे जीव वर येतात, पुन्हा साय पुढे सरकते. बी नको, जोडीदार नको. दगड संपला की काचेवर चढते, पंपाच्या जाळीवर बसते. वाटेत दुसरे प्रवाळ आले तर त्याच्या पायाशी शिरते आणि वर चढत त्याचा उजेड बंद करते. उजेड हाच या सगळ्यांचा घास. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहते. ते दिव्याच्या उजेडात अन्न तयार करते आणि भाड्याऐवजी घरमालकाला ताट वाढते. ताट बंद झाले की मालक उपाशी.

पसरण्याच्या तऱ्हाही काही एकच नाहीत. ‘केनिया ट्री’ नावाचे झाड दिसणारे प्रवाळ आहे. ते आपल्याच फांद्या गाळते. पाण्याबरोबर जिथे जाऊन पडतील तिथे त्या रुजतात. पसरट कानांसारखी ‘मशरूम’ जागा सोडून सरकतात तेव्हा मागे पायाचा एखादा लचका ठेवून जातात आणि त्याचे नवे पोर होते. झेनिया नावाचे प्रवाळ तर सारखी मुठींची उघडझाप करीत असते. ही उघडझाप कशासाठी, याचा इस्राएलच्या संशोधकांनी तांबड्या समुद्रात अभ्यास केला. २०१३ साली त्यांनी दाखवून दिले की, तिच्यामुळे अंगाभोवतीचे पाणी हलते राहते, आतल्या शैवालाने तयार केलेला प्राणवायू वाहून जातो आणि त्याचे काम जोरात चालते. झेनिया तिच्या बुंध्याशी फुटून एकाची दोन होते आणि हळूहळू दगडावरून पुढे चालते. सहा महिन्यांनी पाहावे तर टाकीभर मुठी उघडतात-मिटतात.

काही मऊ प्रवाळे तर पाण्यात रसायने सोडून शेजाऱ्याची वाढ खुंटवतात. दूरवर ठेवलेले प्रवाळही कुढू लागते आणि कारण दिसत नाही. यासाठी पाण्याच्या वाटेत कोळशाची पुरचुंडी ठेवतात. तो कोळसा ही रसायने बरीचशी शोषून घेतो.

समुद्रात यांना आळा असतो. कुणी खाणारे असते, लाटा असतात, मुख्य म्हणजे पाण्यात फुकटचे खत फार नसते. आपल्या टाकीत खाणारा कोणी नाही, उन्हाळा-पावसाळा नाही, दिवा रोज ठरल्या वेळी लागतो आणि माशांच्या नावाने टाकलेले खाणे पाण्यात कुजून खत होते. दाजींचा हात सढळ. दारी आलेला उपाशी जाऊ नये हा त्यांच्या घराचा नियम, आणि तो त्यांनी माशांनाही लावला. दिवसातून तीन वेळा खाणे. त्यात बाष्पाने उडालेल्या पाण्याची भरती ते थेट नळाच्या पाण्याने करीत. आम्ही इकडे कृष्णेचे पाणी यंत्रातून गाळून घेतो. त्यांना तसे सुचवले, तर म्हणाले, “पाहुणे, हे कासचं पाणी आहे. याला कसली चाळणी लावता?” कासच्या पाण्याचा अभिमान कोणत्या सातारकराला नाही? पण माणसाला पिण्यास उत्तम ते प्रवाळालाही उत्तम, असा काही नियम नाही. नळाच्या पाण्यात थोडे थोडे जे काही असते ते बाष्प होऊन उडत नाही, टाकीत साठत जाते.

वर्षभर साताऱ्याहून टाकीच्या चौकशीला “छान चाललंय” एवढेच उत्तर येई. पूर्वी दाजी रोज रात्री फोन करून छत्रीची हालहवाल सांगत. ते फोन श्रावणापासून कमी झाले. मला वाटले, नव्याचे नऊ दिवस सरले असतील.

गेल्या वर्षी दिवाळीला दहा-बारा दिवस असताना, रविवारी सकाळी, ताईचा व्हिडिओ कॉल आला. पदर खोचलेला, डोक्याला रुमाल. साफसफाईचा जोर दिसत होता.

“अरे, एक विचारायचं होतं. हे बाहेर गेलेत तोवर करून टाकते. तुझा तो दगड उकळला की स्वच्छ होईल ना? लोणच्याच्या बरण्या उकळते तसा. दहा मिनिटं पुरेत?”

“कुठला दगड?”

“तू दिलेला रे, बटणांचा. त्याच्यावरच सगळ्यात जास्त पसरलंय.”

तिच्या खांद्यामागे शेगडीवर मोठे पातेले दिसत होते आणि त्यातून वाफ निघत होती. मी ओरडलो असेन, कारण आमच्या सौभाग्यवती आतून धावत आल्या. “ताई, आधी गॅस बंद कर. दगड पाण्यात टाकलास का?”

“नाही, अजून पाणीच तापतंय. दगड बादलीत आहे. झालं काय पण?”

दगड बादलीत होता, टाकीच्याच पाण्यात. मी खाली बसलो.

झोअँथिडांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते. माणसाला ठाऊक असलेल्या अतिजहाल विषांपैकी ते एक. त्याची कथा हवाई बेटांतली. तिथल्या माउई बेटावर हाना गावाजवळ समुद्रकाठी एक डबके होते. त्यातले ‘शेवाळ’ भाल्याच्या टोकाला चोळले की वार झालेला माणूस वाचत नाही, अशी स्थानिक लोकांत परंपरेने चालत आलेली समजूत होती. ते शेवाळ नव्हतेच, झोअँथिडाची एक जात होती. मूर आणि शॉयर या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातले विष वेगळे करून १९७१ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. प्रत्येक बटणात हे विष असते असे नाही, पण कोणत्या बटणात आहे ते डोळ्यांना कळत नाही. आणि मेख अशी की, उकळल्याने ते मरत नाही. दगड उकळला, गरम पाण्याने घासला, वाफेने साफ केला, तर विष वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर हवेत जाते आणि श्वासावाटे आत शिरते. थंडी वाजून ताप भरतो, खोकला आणि धाप लागते, डोळे जळजळतात, तोंडाला धातूची चव येते. २०१८ साली इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या स्टीव्हन्टन गावी एका गृहस्थाने घरच्या टाकीतला असा दगड बाहेर काढून साफ केला. घरातली माणसे इस्पितळात गेली, आणि मदतीला आलेल्या अग्निशामक दलाच्या जवानांनाही मागोमाग न्यावे लागले. ताईचे स्वयंपाकघर आठ बाय दहाचे, आणि थंडी म्हणून त्या सकाळी खिडकीही लावलेली होती.

हे सगळे मी तिला सांगितले. खिडकी उघडायला लावली, हात साबणाने धुवायला सांगितले, हाताला कुठे कापलेले नाही ना हे तीनदा विचारले. ती ऐकत होती. मग म्हणाली, “हे तू देताना का नाही सांगितलंस?”

याला काय उत्तर द्यायचे? मला माहीत नव्हते असे म्हणता आले असते, पण ते खोटे झाले असते. हिरवे तारे पसरतात हेही ठाऊक होते आणि बटणांचेही वाचलेले होते. स्थळ सुचवणारा मुलाचा पगार सांगतो, मुलाचा संताप सांगत नाही. माझे तसे झाले होते. शिवाय तो तुकडा मला जड झालेला होता, हेही एक होते. आपल्या घरात जास्त झालेले दुसऱ्याला देताना आपण दानशूर होतो.

मी म्हटले, “पण तू उकळायला का निघालीस? दाजी काय म्हणतात?”

“ते काय म्हणणार? छत्री जवळजवळ गेली त्यांची. तुझं ते हिरवं देठावर चढलंय. गणपतीच्या आधीपासून म्हणत होते, खरवडून काढतो. मीच हात लावू दिला नाही. भाऊबीजेचं ना ते? ओवाळणीतलं कसं काढून टाकायचं? मग बघितलं, हे आता टाकीसमोर बसेनासे झालेत. म्हटलं, ह्यांच्यामागे एकच दगड साफ करावा, बाकीचं तसंच ठेवावं.”

यावर मला तरी बोलता येईना. सौभाग्यवतींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि दोघी फराळाचे बोलू लागल्या.

भाऊबीजेला साताऱ्याला गेलो तो हातमोजे, डोळ्यांवरचे चष्मे, नवी पाती आणि कोळशाची पुडी घेऊन. दाजींनी नेहमीप्रमाणे हसून स्वागत केले, कंदी पेढ्यांचा पुडा पुढे केला, सांगलीच्या पुलाची चौकशी केली. टाकीचा विषय नाही. मीच जाऊन उभा राहिलो. अनोळखी माणसाने पाहिले असते तर म्हणाला असता, काय सुंदर बाग आहे! तीन दगड, मागची काच, पंपाची जाळी, सगळे हिरवे, सगळे लवते. त्या हिरवळीतून एका कोपऱ्यात छत्रीची टोपी तेवढी वर दिसत होती, मिटलेली, रंग राखी. देठ दिसतच नव्हता.

“दाजी, चुकलो,” मी म्हटले.

“छे, छे. वाढतंय ते वाढणारच. जीव आहे तो,” ते म्हणाले, पण खुर्ची ओढून टाकीसमोर बसले.

नुसत्या पंपाच्या जाळीवरून साय काढायला तास गेला. साय दुधावरची निघावी तशी कुठे कुठे अखंड निघते, पण दगडाच्या बारीक भोकांत थोडी जरी राहिली तरी तिथून पुन्हा फुटते. दगड बाहेर काढून खरवडावा असा मोह होतो. ज्यावर बटणे नाहीत तो दगड काढायला हरकत नाही. बटणांच्या दगडाला आम्ही खरवडलेच नाही. मोजे घालून, पाण्याखालीच ठेवून, तो उचलला आणि समोर मोकळ्या वाळूत एकटा ठेवला. वाळू हा या पसरणाऱ्यांना चांगला खंदक. साय हलत्या वाळूवर नीट धरत नाही, म्हणून असले प्रवाळ पहिल्यापासूनच वेगळ्या दगडावर, चारी बाजूंना एक वीत वाळू ठेवून बसवायचे असते. हे एवढे एक वाक्य मी दोन वर्षांपूर्वी बोललो असतो तर! पाणी तपासले, तर नायट्रेटच्या नळीत गडद लाल रंग आला. त्यावरून माशांचे तीन वेळचे जेवण एक वेळेवर आले. कासच्या पाण्याबद्दल मी काही बोललो नाही, दाजी आपणच म्हणाले, “चाळणी केवढ्याला बसते?”

दुपारपर्यंत पातेलेभर हिरवे-जांभळे निघाले. ते बादलीत, खाऱ्या पाण्यात, अजून जिवंत. आता त्याचे काय करायचे? दाजी म्हणाले, “फेकवत नाही हो. नाताळात मुलं मालवणला जाणार आहेत. बरोबर देतो, किल्ल्यापाशी सोडून येतील. समुद्राचं समुद्राला.”

माणूस इतक्या चांगल्या मनाने बोलतो तेव्हा त्याला अडवणे कठीण जाते. पण हे अडवायलाच हवे होते. व्हेनेझुएला देशाच्या किनाऱ्यावर मोचिमा नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या समुद्रात झेनियाच्या गोतातले एक मऊ प्रवाळ पसरले आहे. ते मूळचे तिथले नव्हे, आपल्या बाजूच्या महासागरातले. शौकिनांच्या टाक्यांसाठी होणाऱ्या व्यापारातून ते तिकडे पोचले. २०१४ साली शास्त्रज्ञांनी त्याची वार्ता जगापुढे मांडली, आणि पुढे त्याला ‘युनोमिया’ हे नाव मिळाले. त्याने तिथली दगडी प्रवाळे झाकून टाकली, समुद्रगवताची कुरणे झाकली, जिथे मासे आडोशाला येत त्या कपारी भरून काढल्या. दाजींच्या टाकीत एका छत्रीचे जे झाले ते तिथे साऱ्या किनाऱ्याचे झाले. आणि मालवणला काय आहे? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आपल्या राज्याची मोजकी प्रवाळे आहेत. त्यांच्यासाठी १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. तिथे आपण हे पातेले नेऊन ओतायचे?

“मग आपल्या माहुलीच्या संगमावर?” ताईने विचारले. तिथे गोडे पाणी. हे तासाभरात मरेल. पण नदीतही कुणी टाकी रिती करू नये. पंचगंगेवरची जलपर्णी आपण पाहतोच, तीही निळ्या फुलांची शोभेची म्हणूनच या देशात आली. टाकीची काच चाटून साफ करतो म्हणून विकला जाणारा मासा उजनीच्या कोळ्यांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे, आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात.

शेवटी गोड्या पाण्याची बादली भरली आणि ते सगळे तीत टाकले. दुसऱ्या दिवशी पिशवीत बांधून कचऱ्यात दिले. बादलीचे काम चालले होते तेवढा वेळ दाजी अंगणात तुळशीला पाणी घालीत राहिले.

छत्रीचा देठ खालून कुजला होता. हे प्रवाळ कापून वाढते, हाच एक आधार. चांगला भाग पाहून मी नव्या पात्याने देठ वरून छाटला, टोपीचे दोन तुकडे केले, प्रत्येक तुकडा छोट्या दगडावर सुती दोऱ्याने सैल बांधला आणि हलत्या पाण्यात ठेवला. कापल्यावर ते प्रवाळ पाण्यात बरेच काही सोडते, म्हणून कोळसा ताजा घातला. ताईला तो दोरा पाहून बाळाच्या करगोट्याची आठवण झाली. एक तुकडा आठ दिवसांत गेला. दुसरा तीन आठवडे मिटून राहिला. दाजींचे फोन पुन्हा रोज सुरू झाले: आज तसाच. आज तसाच. आज पापुद्रा धरलाय. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी रात्री साडेनऊला फोन आला तेव्हा ते बोलेनातच, नुसते हसत होते.

यंदा गणपतीत भाचा सांगलीला आला, तो हातात पिशवी घेऊन. पिशवीत आमचा डबा. झाकण न सांडणारा. सौभाग्यवतींनी तो उजेडात धरून पाहिला आणि त्यांना काय बोलावे ते कळेना, कारण आत खारे पाणी होते आणि पाण्यात अंगठ्याएवढी छत्री, छोट्या दगडावर उभी. दाजींनी आपल्या वाचलेल्या तुकड्याचा काठ कापून वाढवलेली. झाकणावर कागद चिकटवलेला होता, ताईच्या अक्षरात. भोवती एक वीत जागा सोडणे. मिटून बसते, घाबरू नये, आठ दिवस वाट पाहणे. पाण्यात रस सोडते, कोळसा ठेवणे. कापताना मोजे घालणे. सावकाश वाढते. आणि खाली, जागा उरली नव्हती म्हणून आडवे लिहिलेले: यंदा भाऊबीजेला हा डबा परत आण, चकल्या भरून देते.

छत्री टाकीच्या उजव्या कोपऱ्यात, मोकळ्या वाळूत ठेवली आहे. आज अकरावा दिवस. अजून उमललेली नाही. दाजी रोज रात्री साडेनऊला विचारतात.